फट नको, चढ नको

अगं, सहावीचा वर्ग तुझ्या हाती आला आणि चित्रकलेच्या तासाला तू टेसेलेशन घेणार, हे ऐकून आत्याला किती आनंद झाला म्हणून सांगू! एकच आकार पुन्हा पुन्हा मांडत कागद भरून काढायचा. दोन आकारांत फट राहू द्यायची नाही आणि एकाने दुसऱ्यावर चढायचं नाही. कायदा एवढाच. तो पाळला की चाळीस पोरांच्या चाळीस कागदांवर मासे, घोडे, बूट, आजोबांची टोपी, जे उगवायचं ते उगवतं.

तू यूट्यूबवर सगळं बघून ठेवलं असशील, मला ठाऊक आहे. पण व्हिडिओतली बाई एकटीच असते, तिच्यापुढे एकच चौरस असतो आणि तिची घंटा होत नाही. तुझ्याकडे बाकाबाकावर धक्काबुक्की असेल, कात्र्या निम्म्याच असतील आणि तास संपत आलेला असेल. म्हणून हे लिहून धाडते. एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याच आधाराने आहे: कोपऱ्यांच्या बाबतीत कडक राहा आणि आकाराच्या बाबतीत पोरांना मोकळं सोड.

आधी बघायला शिकव

१. पहिल्या तासाला कात्री बाहेर काढूच नकोस, पोरांना घेऊन शाळेभोवती एक चक्कर मार — व्हरांड्यातली शहाबादी फरशी, फुटपाथवरचे नागमोडी पेव्हर ब्लॉक, जिन्यातली सिमेंटची जाळी, सगळीकडे हाच कायदा पाळलेला दिसतो. एकदा दिसला की पोरं घरी जाऊन आईला मोरीच्या टाइल्स समजावून सांगतात.

२. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचार, 'इथे एका कोपऱ्यापाशी किती तुकडे भेटतात?' — चौरस चार, षटकोन तीन, समभुज त्रिकोण सहा, हे बोट ठेवून मोजलेलं असलं की फळ्यावरचं गणित हलकं होतं.

३. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे पंचकोन कापून मुद्दाम पोरांच्या हातात दे आणि गप्प राहा. त्याचा कोन १०८ अंशांचा, तीन जोडले की ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट उरते. चौथा घुसवावा तर तो शेजाऱ्यावर चढतो — बिंदूभोवती ३६० अंश असतात हे पोराला पुस्तकापेक्षा त्या फटीतून नीट कळतं.

४. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या आकृत्यांपैकी एकट्याने कागद भरणाऱ्या तीनच: त्रिकोण, चौरस, षटकोन. हे उत्तर तू देऊ नकोस — ६०, ९० आणि १२० यांनीच ३६० ला नीट भाग जातो, हे कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडेलच, आणि ते त्याचं राहू दे.

५. मग अष्टकोन काढ. दोन अष्टकोनांचे २७० अंश झाले की बरोबर ९० उरतात आणि तिथे चौरस येऊन बसतो — एकट्याला जमत नाही ते जोडीने जमतं, आणि अशी फरशी जुन्या घरात पाहिलेलं एखादं पोर वर्गात निघतंच.

६. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या पोराला फळ्यापाशी बोलाव, आणि ती मुलगीच असेल असं धरून चालू नकोस — समोरासमोरच्या ठिपक्यांतून चौरस निघतात, मधले ठिपके घेतले की त्रिकोण आणि षटकोन. हाताला जे येतं त्याला गणित म्हणतात, हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत असेल.

आता एका गमतीवर जरा रेंगाळते. पोरांना सांग, कसाही वेडावाकडा चौकोन काढा. चार सरळ बाजू असल्या म्हणजे झालं. बाजू सारख्या नकोत, कोन सारखे नकोत. असा कुठलाही चौकोन कागद भरतो. पोरांचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसूही नये. करून बघू दे.

७. वर्तमानपत्राच्या पानाला घडीवर घडी घालून आठ पदर कर, वर चौकोन काढ आणि घडीच्या कडा सोडून मधूनच काप — रेघ घडीवर गेली तर दोन तुकडे जोडलेले निघतात.

८. कापलेली चळत विस्कटण्याआधी वरून एकेक तुकडा उचला आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला, त्याच त्या कोपऱ्यांत, अ, ब, क, ड लिहा — घडीत एक पदर सुलटा तर पुढचा उलटा असतो, छपाई दोन्हीकडे असते, आणि एक तुकडा पालथा पडला की तो कुठेच बसत नाही. पोरं मग तुकड्यालाच दोष देतात.

९. मांडताना शेजारचा तुकडा अर्धा फिरवून ठेवायचा, डोकं खाली, पाय वर, आणि सारख्या लांबीची बाजू सारख्या बाजूला — असं करत गेलं की प्रत्येक बिंदूपाशी अ, ब, क, ड हे चारही कोपरे एकेकदा येऊन भेटतात. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६०, म्हणून जागा पुरेपूर भरते.

१०. एखादं खट्याळ पोर आत वळलेल्या कोपऱ्याचा चौकोन काढेल आणि तुझ्याकडे बघत बसेल. त्याला अडवू नकोस — तोही बसतो, आणि त्यानंतर ते पोर वर्षभर तुझं असतं.

आणि पंचकोनाची फट पाहिलेल्या पोरांपैकी कुणी विचारलं, 'बाई, मग वाकडा पंचकोन बसेल का?' तर त्याला मार्जोरी राइस यांची गोष्ट सांग. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या या गृहिणीचं गणित शाळेपुरतंच झालेलं. घरात 'सायंटिफिक अमेरिकन' यायचं. १९७५ साली त्यात मार्टिन गार्डनर यांनी कागद भरणाऱ्या पंचकोनांवर लिहिलं, ते वाचून बाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायला बसल्या. गणितज्ञांची चिन्हं येत नव्हती म्हणून स्वतःची खुणांची भाषा बनवली, आणि कुणालाच ठाऊक नसलेले पंचकोनांचे चार प्रकार शोधून काढले. पंधरावा प्रकार २०१५ साली सापडला, आणि बाहेर फुगलेल्या पंचकोनांत आणखी प्रकार नाहीत, हे मिखाएल राव यांनी २०१७ साली दाखवलं. राइसबाईंच्या एका नक्षीची फरशी वॉशिंग्टनला मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकेच्या दालनात बसवली गेली. 'मला गणित येत नाही' म्हणणाऱ्या पोराला हे जरूर सांग, आणि सांगून झाल्यावर त्याच्या हातात पुठ्ठा दे.

चौरस, कात्री, चिकटपट्टी

११. आता साचा करायचा: पुठ्ठ्याच्या चौरसाच्या एका बाजूचा तुकडा कापून समोरच्या बाजूला चिकटवायचा, आणि तो साचा कागदावर पुन्हा पुन्हा गिरवायचा. पुठ्ठा टूथपेस्टच्या नाहीतर साबणाच्या खोक्याचा घे — जाडी कात्रीला सोसते, कडा आखताना मुडपत नाही, आणि एक बाजू छापील, दुसरी करडी असल्याने तुकडा पालथा पडला की लांबूनही दिसतो. पांढरं कार्डशीट घेतलंस तर एका अंगाला फिक्या रेघोट्या मारून घे, काम तेच होतं.

१२. चौरस ६ सेंटीमीटरचा ठेव — त्याहून लहान घेतला तर कापलेला तुकडा चिमटीत राहत नाही, मोठा घेतला तर नक्षी डोळ्यांत भरण्याआधी कागद संपतो.

१३. पहिल्या खेपेचे चौरस तू घरूनच कापून ने, आणि गुण्या लावून काप. चार बाजू ६ आणि दोन्ही कर्ण साधारण साडेआठ सेंटीमीटर आले पाहिजेत — कर्णांत फरक आला तर तो चौरस नाही, पुढे कागदावर आखायच्या जाळीवर तो बसणार नाही, आणि पोर बिचारं स्वतःच्या हाताला नावं ठेवील. चौरस चुकला की चित्र रुसलं, असं समज.

१४. कापायची रेघ आधी पेन्सिलने काढायची. डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात सुरू व्हावी, खालच्या कोपऱ्यात संपावी, मध्ये हवी तिथे भटकावी — कोपरे जागेवर राहिले की मधली वाट कितीही वाकडी चालते.

१५. रेघ पोटात २ सेंटीमीटरहून आत जाऊ देऊ नकोस — वरच्या बाजूची रेघ नंतर तिला आत जाऊन भेटली तर चौरसाचा लचकाच सुटून पडतो.

१६. नाजूक वळणं, केसाएवढी टोकं यांना पहिल्या वेळी प्रेमाने नाही म्हण — ती पुठ्ठ्यात कापता येतात, पण पेन्सिलने गिरवताना मोडतात. दोन मोठी वळणं आणि एक टोक एवढ्यात उत्तम साचा होतो.

१७. कापताना कात्री एका जागी धरायची आणि पुठ्ठा फिरवायचा — कात्री फिरवली की वळणाला पायऱ्या पडतात. डावखुऱ्या पोराला त्याच्या हाताची कात्री मिळते का बघ. नाही मिळाली तर कापण्यापुरतं शेजाऱ्याने करावं, रेघ मात्र त्याची त्यानेच काढावी.

१८. कापून निघालेला तुकडा बाकावरून उचलायचाच नाही. बोटाने सरळ ढकलत डावीकडून उजवीकडे न्यायचा, फिरवायचा नाही, पालथा करायचा नाही — उचलला की बोटांत फिरतो, आणि फिरला हे कुणाच्या लक्षात येत नाही.

१९. तुकड्याची सरळ कड चौरसाच्या सरळ कडेला टेकवायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मग चिकटपट्टी. एका अंगाने लावून झाली की उलटून दुसऱ्या अंगानेही — एकाच अंगाने लावलेला साचा आखताना बिजागरीवर झुलावा तसा झुलतो.

२०. मग वरच्या बाजूचा तुकडा खाली. पद्धत तीच, घाई नको — डावं-उजवं जमलं म्हणून पोरं फुशारतात आणि दुसरा तुकडा हमखास उलटा लावतात. त्या वेळी तू बाकांमधून फिरत राहा.

२१. सगळ्यांचं झालं की बाकाखाली वाकून बघ. पुठ्ठ्याचा कपटा दिसला तर कुणाचा तरी साचा अपुरा आहे — या कामात जे एकीकडून काढायचं तेच दुसरीकडे लावायचं असतं, त्यामुळे कचरा होतच नाही.

आणि इथेच थांबून पोरांना विचार, 'आता तुमच्या साच्याचं क्षेत्रफळ किती?' हात वर जाणार नाहीत. कुणी चौकटीचा कागद मागेल, कुणी म्हणेल वाकड्याचं निघत नाही. दोन मिनिटं शांत राहा. मग एकजण हळूच म्हणेल, 'बाई, ३६च ना?' शेपूट फुटली, चोच आली, पाठीला बाक आला, तरी चौरसातलं काही गेलं नाही आणि काही आलंही नाही. ६ गुणिले ६. तो क्षण तुला एकदा बघायला मिळाला की वर्षानुवर्षं हा धडा तू कुणाला सोडून देणार नाहीस.

२२. साचा झाला की लगेच दुसऱ्या पुठ्ठ्यावर तो गिरवून, कापून त्याची जोडी करून ठेवायची, आणि दोन्हींवर नाव — एक हातात, एक पाकिटात. साचा हरवला की अर्धं चित्र पोरकं होतं, आणि तंतोतंत तसा दुसरा कापता येत नाही.

मांडणी

२३. कागदावर आधी ६ सेंटीमीटरची फिकी जाळी आखून घ्या, आणि साच्यावर मूळ चौरसाचे चार कोपरे ठळक ठिपक्यांनी दाखवा — साचा कितीही वाकडा झाला तरी ठिपका जाळीच्या छेदावर बसला की जागा चुकत नाही. हा मुद्दा अधोरेखित कर. जाळीशिवाय आखलं तर दर घराला अर्धा मिलिमीटर सरकतो, आणि आठव्या घराला ४ मिलिमीटरची फट तोंड उघडते.

२४. सुरुवात कागदाच्या मध्यावर कर, कोपऱ्यातून नको — मध्यापासून चारी दिशांना चूक थोडी थोडी वाटली जाते. कोपऱ्यातून निघालं की ती सगळी एका टोकाला जाऊन साठते.

२५. पेन्सिल बारीक टोकाची आणि उभी धरायची, आणि दोन साच्यांमधली सामाईक रेघ एकदाच काढायची — तीच रेघ दोनदा काढली की ती जाड होते, मग पोर त्या जाडीच्या बाहेरून तिसरी काढतं.

२६. कागदाच्या कडेला अर्धा आकार आला तर अर्धाच काढू द्या — नक्षी कागदाबाहेर जात राहिली की डोळा ती पुढे नेतो. चौकटीत कोंबून बसवलेली नक्षी तिथेच संपते.

२७. चूक खोडायची तर लगेच, चार घरं आखून झाल्यावर नको. पहिल्या चार घरांना तू स्वतः बघितल्याशिवाय पाचवं काढायचं नाही, असा नियमच कर — चारांपाशी धरलेली चूक खोडरबराने जाते, चाळिसांपाशी धरलेलीला नवा कागद लागतो.

त्यात काय दिसतं

२८. साचा हातात धरून चारी बाजूंनी फिरवायला सांग, मग वर्गाच्या दुसऱ्या टोकाला धरून दाखवायला सांग — जवळून रेघ दिसते, लांबून प्राणी दिसतो.

२९. तुला आधी दिसलं तरी सांगू नकोस. अगदी ओठांवर आलं तरी गिळ — बाईंनी 'मासा' म्हटलं की त्या ओळीतले सगळे साचे मासे होतात. पोराला पोपट दिसत होता, तो तेवढ्यात उडून जातो.

३०. कुणाला काहीच दिसत नसेल तर त्याला फक्त एक डोळा काढायला सांग, कुठेही — डोळा आला की तोंड आपोआप शोधलं जातं.

३१. आणि डोळा काढूनही काही दिसलं नाही, तर पट्टे, ठिपके, पानांच्या शिरा काढू दे. नुसती नक्षीही पूर्ण काम आहे — ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातल्या टाइल्सच्या नक्षीत माणूस नाही की प्राणी नाही, आणि त्या बघायला जगभरातून लोक जातात.

३२. आत काढलेलं चित्र प्रत्येक घरात सारखंच यायला हवं. डोळा तिथेच, पट्टे तेवढेच — एका माशाला टोपी घातली की नजर तिथे अडकते. मात्र कुणी मुद्दाम, विचार करून एकच वेगळा ठेवला असेल तर त्याला कारण विचार, आणि कारण पटलं तर शाबासकी दे.

अल्हाम्ब्राचा विषय निघाला आहे तर एशर यांच्याविषयी सांगते. मॉरिट्स एशर, हॉलंडचे, जन्म १८९८. शाळेत गणितात मागे. अल्हाम्ब्रा त्यांनी १९२२ मध्ये पाहिला आणि १९३६ मध्ये बायकोबरोबर पुन्हा जाऊन तिथल्या भिंतींवरच्या नक्ष्या दिवसेंदिवस उतरवून घेतल्या. त्यांचे भाऊ भूगर्भशास्त्रज्ञ होते. स्फटिकांच्या रचनेवरचे लेख वाचायला त्यांनी सुचवलं. सरकवणं, फिरवणं आणि पालथं करणं यांतून सपाट नक्षीचे १७ प्रकार होतात हे गणितज्ञांनी आधीच मांडलेलं होतं. एशर यांनी ते आपल्या हाताने चित्रांत शिकून घेतलं, आणि मग सरडे, पक्षी, मासे, घोडेस्वार एकमेकांत असे बसवले की सुईला जागा नाही. अशी त्यांची क्रमांक घातलेली रंगीत चित्रं १३७ आहेत. ती पोरांना दाखव, पण त्यांचे साचे करून झाल्यावर. आधी दाखवलीस तर सगळ्यांना सरडाच हवा असतो, आणि तो पहिल्या दिवशी जमत नाही.

रंग

३३. चौरसातून निघालेल्या साच्याला दोन रंग पुरतात, बुद्धिबळाच्या पटाचे. षटकोनातून निघालेल्याला तीन लागतात — तिथे एका बिंदूपाशी तिघं भेटतात, आणि दोन रंगांत तिघांची वाटणी होत नाही.

३४. रंगवण्याआधी पेन्सिलने प्रत्येक घरात लहानसं १ नाहीतर २ लिहून घ्यायचं — रंगाच्या भरात घर चुकतं, आणि तैलखडू खोडला जात नाही.

३५. एक रंग फिका, एक गडद असू दे — लाल आणि हिरवा शेजारी शेजारी सारख्याच जोराचे असले की दोन्ही आकार हरवतात.

३६. स्केचपेनने कडा शेवटी, आणि एकाच काळ्या पेनने — कडेला ठाम रेघ आली की पेन्सिलीचं सगळं डळमळणं झाकलं जातं, आणि पोराला स्वतःचं काम पहिल्यांदा सुंदर दिसतं.

पुढच्या वेळी

३७. सरकवणं हाताला बसलं की फिरवणं घे. डावीकडचा तुकडा वरच्या कोपऱ्याभोवती पाव फेरा फिरवून वरच्या बाजूला लावायचा, आणि उरलेल्या दोन बाजूंचं तेच, समोरच्या कोपऱ्याभोवती — मग त्या कोपऱ्यापाशी चार आकार भिंगरी धरतात. आखताना साचाही प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवावा लागतो, हे आधीच सांगून ठेव.

३८. पालथं करण्याचा प्रकार सातवीसाठी ठेव — त्यात डावं-उजवं एकदम बदलतं, आणि पहिल्या वर्षी पोरांचा पाय रोवला गेला नसेल तर गोंधळ होतो.

३९. चुणचुणीत पोराला 'हॅट' दाखव. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे डेव्हिड स्मिथ, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले, घरी पुठ्ठ्याचे आकार कापून जुळवत बसायचे. त्यांना तेरा बाजूंचा एक आकार सापडला, जो सगळा सपाट पृष्ठभाग भरतो पण त्याची नक्षी कधीच तशीच्या तशी पुन्हा येत नाही. तिघा अभ्यासकांबरोबर त्यांनी तो २०२३ च्या मार्चमध्ये जगापुढे मांडला — तुझ्या पोरांच्या हातात आहेत तीच हत्यारं, कात्री आणि पुठ्ठा, त्यांच्याही हातात होती.

वर्ग सांभाळताना

४०. चिकटपट्टीचे लहान तुकडे तासाआधीच कापून लाकडी पट्टीच्या कडेला लावून ठेव आणि दर दोन बाकांमागे एक पट्टी दे — रीळ पोरांच्या हाती गेलं की दात, केस आणि भांडण, तिन्ही त्यात गुंततात.

४१. मुख्याध्यापकांना सांगून जोडतास मागून घे — पस्तीस मिनिटांत कापणं होतं, आणि आखायला हात लागेपर्यंत घंटा होते. नाहीच मिळाला तर पहिल्या दिवशी साचा, दुसऱ्या दिवशी आखणी, तिसऱ्या दिवशी रंग. मध्ये एकाच दिवसाचं अंतर असू दे.

४२. गैरहजर पोराला शेजाऱ्याचा साचा देऊन मोकळी होऊ नकोस. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं बसवून त्याचा त्याला कापू दे — दुसऱ्याच्या साच्यावर काढलेलं चित्र पोर घरी नेत नाही, बाकातच ठेवून जातं.

४३. गुण द्यावेच लागले तर जुळणीला दे, काटेकोरपणाला दे, सुरेखपणाला कमी दे — हात सुबक असणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण कोपऱ्याला कोपरा लावणं सगळ्यांना जमतं.

४४. भिंतीवर लावताना प्रत्येक चित्राशेजारी त्याचा साचा दोऱ्याने टांगून ठेव — पालक येतात, साचा हातात घेतात, चित्रावर ठेवून बघतात, आणि मग दुसऱ्या घरावर, तिसऱ्या घरावर. पोरगं बाजूला उभं राहून आपल्या बापाला समजावत असतं.

४५. सगळ्यात मंद गतीच्या पोराचं चित्र अपुरं असलं तरी लाव — जेवढी घरं आखली तेवढ्यांत फट नसेल, तर काम खरं आहे.

माझ्याकडे जमलेली टूथपेस्टची खोकी आणि एक चांगली कात्री पिशवीत बांधून ठेवली आहे. रविवारी येऊन घेऊन जा, म्हणजे सोमवारच्या तासाला चौरस तयार असतील. येताना वर्गाचा पट आण. चाळीस चौरस आपण दोघी बसून कापू आणि कर्ण मोजू.